इंग्रजीतील लुप्त नातेवाचक शब्द : एक ऐतिहासिक विचार

१

ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी कोशात जो शब्द वापरातून गेला आहे त्याच्या आरंभी कट्यारीच्या आकाराचे एक बारीक चिन्ह छापलेले असते. कोश चाळणाऱ्याची दृष्टी त्या चिन्हावर सहसा थांबत नाही. मात्र त्यामागे एक मोठे तत्त्व आहे. रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे तत्कालीन इंग्रजी कोशांतील उणिवांविषयी निबंध वाचले. लुप्त शब्दांची नोंद अपुरी व अव्यवस्थित होते, ही त्यांनी दाखविलेली एक प्रमुख उणीव होती. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे. शब्दांची निवडानिवड करणारा रसिक नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेतूनच त्या महाकोशाची योजना उभी राहिली. त्याचा पहिला भाग १८८४ साली प्रसिद्ध झाला आणि १९२८ साली तो पूर्णत्वास गेला.

कोशकाराला इतिहासकार मानावयाचे तर इतिहासकारालाही लुप्त शब्दांकडे साधन म्हणून पाहणे प्राप्त होते. शिलालेख, नाणे, सनद यांप्रमाणे मृत शब्दही गतकाळाविषयी साक्ष देतो. मात्र ती साक्ष जपून घ्यावी लागते. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील लुप्त शब्दांच्या विशाल राशीतून एकच लहान गट विचारासाठी घेतला आहे, तो नातेवाचक शब्दांचा. हा गट निवडण्याची कारणे दोन. या शब्दांचा लोप एकेकट्याने न होता एक संपूर्ण व्यवस्थाच लोपली, हे पहिले. यांपैकी काही शब्द आपल्या सून, दीर, सासरा या शब्दांचे सख्खे भाऊबंद असल्याने त्यांचा मूळ अर्थ मराठी वाचकाला आजच्या इंग्रज वाचकापेक्षाही सहज उमगतो, हे दुसरे.

२

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'शब्द मेला' असे आपण म्हणतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. एका प्रकारात वस्तू तीच राहते, अर्थ तोच राहतो, केवळ नाव बदलते. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली छापलेल्या 'एनेडोस' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत याचे एक मनोरंजक उदाहरण दिले आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून झीलंडकडे निघाले असता वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यापैकी एकाने एका गृहिणीपाशी 'एग्ज' मागितली. तिने उत्तर दिले की, आपल्याला फ्रेंच येत नाही. तो व्यापारी रागावला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. शेवटी दुसऱ्याने 'आयरेन' हवीत असे सांगितल्यावर तिला उमज पडला. 'आयरेन' हा अंड्यांसाठी असलेला मूळचा इंग्रजी शब्द. 'एग' हा उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या भाषेतून आलेला. पुढे 'आयरेन' नष्ट झाला आणि 'एग' सर्वत्र रूढ झाला. शब्द गेला, परंतु अंडे व त्याची कल्पना जागच्या जागी राहिली.

दुसऱ्या प्रकारात शब्दाबरोबर त्याची जागाही जाते. पूर्वी दोन गोष्टींना दोन नावे होती. आता एकाच नावाने दोहोंचा निर्देश होतो आणि त्यांतील भेद सांगण्यास शब्दच उरत नाही. पहिला लोप कपडे बदलल्यासारखा, तर दुसरा घरातील एक भिंत काढून दोन खोल्यांची एक केल्यासारखा आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण असा हा दुसरा प्रकार होय, आणि नातेवाचक शब्दांचा लोप प्रामुख्याने याच प्रकारचा आहे.

३

नॉर्मन विजयाच्या पूर्वीच्या, म्हणजे इ. स. १०६६ पूर्वीच्या इंग्रजीत बापाच्या भावाला 'फॅडेरा' आणि आईच्या भावाला 'एआम' म्हणत. बापाची बहीण ती 'फाथू' आणि आईची बहीण ती 'मोड्रिये'. एन्शमचा मठाधिपती एल्फ्रिक याने इ. स. १००० च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी जो लॅटिन-इंग्रजी शब्दसंग्रह तयार केला, त्यात हे चारही शब्द चार लॅटिन शब्दांसमोर नीट मांडलेले आढळतात. मराठी वाचकाला यावर भाष्याची गरज नाही : चुलता, मामा, आत्या आणि मावशी. जो भेद आज इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला 'अंकल' व 'आंट' या दोन शब्दांत कोंबावा लागतो, तो भेद हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रज मुलाच्या तोंडी स्वाभाविकपणे होता.

'अंकल' व 'आंट' हे दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले. त्यांची मुळे लॅटिनमध्ये शोधू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दिसते. लॅटिनमध्येही चार स्वतंत्र शब्द होते. चुलत्याला 'पात्रुउस', मामाला 'अवुंकुलुस', आत्याला 'आमिता' व मावशीला 'मातेर्तेरा'. यांपैकी 'अवुंकुलुस'पासून 'अंकल' झाला आणि 'आमिता'पासून 'आंट'. म्हणजे पुरुषांच्या जोडीत मामाच्या नावाने चुलत्याची जागा घेतली, तर स्त्रियांच्या जोडीत आत्याच्या नावाने मावशीला गिळले. इंग्रजीने हे शब्द उचलले तेव्हा त्यांतील भेद फ्रेंचमध्येच पुसला गेला होता. इंग्रजीत जो लोप घडला, त्याची एक आवृत्ती लॅटिनच्या कन्या-भाषांत आधीच घडून गेली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयाची आहे.

४

विवाहाने जुळणाऱ्या नात्यांचे शब्द तर आपल्याला अधिकच ओळखीचे वाटतात. जुन्या इंग्रजीत सासऱ्याला 'स्वेओर', सासूला 'स्वेगेर', सुनेला 'स्नोरु' आणि नवऱ्याच्या भावाला 'टाकोर' म्हणत. हे क्रमाने संस्कृत श्वशुर, श्वश्रू, स्नुषा व देवृ यांचे सगोत्र आहेत. म्हणजेच आपल्या सासरा, सासू, सून व दीर यांचेही. नातवाला व पुतण्या-भाच्यांना 'नेफा' आणि त्याच नात्यांतील मुलीला 'निफ्ट' हे शब्द होते. त्यांचे सगोत्र नपात् व नप्ती, आणि म्हणून आपले नातू व नात.

ही केवळ ध्वनिसाम्याची करमणूक नव्हे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या एकमूलत्वाविषयी जो विचार मांडला, तो पुढे नियमबद्ध झाला तो अशाच शब्दांच्या आधारे. मूळच्या 'द'चा जर्मानिक भाषांत 'ट' होतो. दश व 'टेन', द्वि व 'टू' यांप्रमाणेच देवृ व 'टाकोर'. मूळच्या 'प'चा 'फ' होतो; पितृ व 'फादर' यांप्रमाणेच नपात् व 'नेफा'. परंतु श्वशुर व श्वश्रू यांच्या बाबतीत एक अडचण होती. संस्कृतात दोन्ही ठिकाणी एकच 'श' असताना जर्मानिक भाषांत सासऱ्याच्या शब्दात 'ह' आणि सासूच्या शब्दात 'ग' का यावा? ('स्वेओर' यातील 'ह' पुढे दोन स्वरांच्या मध्ये लोपला.) डॅनिश पंडित कार्ल व्हेर्नर याने १८७५ च्या सुमारास या कोड्याचा उलगडा केला. वैदिक संस्कृतात श्वशुर शब्दाचा उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर आहे आणि श्वश्रू शब्दाचा शेवटच्या अक्षरावर. उदात्त लगेच आधी असेल तर एक परिणाम, नसेल तर दुसरा. स्नुषा शब्दातही उदात्त अंती असल्यामुळे 'स'चा प्रथम 'झ' व पुढे 'र' होऊन 'स्नोरु' सिद्ध झाला.

जी स्वरव्यवस्था वेदपाठकांनी मुखपरंपरेने जतन केली, तिची खूण उत्तर समुद्राकाठच्या एका टोळीने सासूसाठी वापरलेल्या शब्दात उमटलेली राहिली. तो शब्द आज इंग्लंडात कोणी उच्चारीत नाही. मृत शब्दांची नोंद ठेवण्याचा आग्रह का धरावा, याचे याहून चांगले उत्तर देता येणार नाही.

५

या शब्दांमागे समाजजीवन कोणते होते? रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ मध्ये जर्मानिक टोळ्यांचे वर्णन लिहिले. त्यांच्यात बहिणीचा मुलगा मामाला त्याच्या बापाइतकाच प्रिय असतो, काही टोळ्या तर हे नाते अधिक पवित्र मानतात, असे तो सांगतो. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतील महाकाव्य सुमारे इ. स. १००० च्या एकमेव हस्तलिखितात आपल्यापर्यंत पोहोचले आहे. त्यातील नायक बेओवुल्फ हा राजा हायगेलाकचा भाचा आहे. पराक्रम करून परत आल्यावर मिळालेली भूषणे तो या मामाच्याच स्वाधीन करतो. याच काव्यात ह्रोथगार व ह्रोथुल्फ या चुलत्या-पुतण्यांचा निर्देश एकाच सामासिक शब्दाने केला आहे, आणि 'विडसिथ' या दुसऱ्या जुन्या काव्यातही याच जोडीसाठी तसाच समास येतो. 'काका-पुतणे' या आपल्या द्वंद्व समासाशी त्याची घडण तंतोतंत जुळते. आजच्या इंग्रजीत अशी जोडी एका शब्दात सांगता येत नाही.

परंतु नात्यांतील भेदाला केवळ भावनेचा आधार नव्हता, पैशाचाही होता. 'वेर्गिल्ड' हा जुन्या इंग्रजी कायद्यातील शब्द पाहावा. यातील 'वेर' म्हणजे पुरुष. संस्कृत वीर व लॅटिन 'विर' यांचा हा सगोत्र. हा 'वेर'ही आज लुप्त असून माणसाचा लांडगा होतो त्या कल्पनेच्या 'वेअरवुल्फ' या शब्दात आणि ओळखू न येईल अशा रूपात 'वर्ल्ड' या शब्दात तेवढा उरला आहे. 'वर्ल्ड' म्हणजे मुळात मनुष्याचे युग. 'वेर्गिल्ड' म्हणजे माणसाची किंमत. एखाद्याचा वध झाल्यास वध करणाऱ्या पक्षाने मृताच्या आप्तांना द्यावयाची भरपाई. वेसेक्सच्या कायद्यात सामान्य स्वतंत्र मनुष्याचे मोल २०० शिलिंग, तर उमरावाचे १२०० शिलिंग ठरविलेले होते.

ही रक्कम कोणी द्यावयाची? येथेच चुलता व मामा यांच्यातील भेद व्यवहारात उतरतो. १२०० शिलिंगांच्या भरपाईसाठी बारा जामीन लागत. त्यांतील आठ बापाकडचे व चार आईकडचे असावेत, असा नियम एका लेखात दिलेला आहे. राजा आल्फ्रेड याच्या कायद्यात असे सांगितले आहे की, वध करणाऱ्याला बापाकडचे आप्त नसून आईकडचे असतील, तर त्यांनी एक तृतीयांश रक्कम भरावी. म्हणजे आप्त कोणत्या बाजूचा यावर त्याच्यावरील बोजा ठरत असे. अशा समाजात 'आईबापांपैकी कोणाचा तरी भाऊ' असा मोघम शब्द चालण्यासारखा नव्हता.

६

आता लोपाचा क्रम पाहू. नॉर्मन विजयानंतर हे शब्द एका रात्रीत गेले, ही समजूत चुकीची आहे. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या इतिवृत्तातील ११३२ ते ११५४ या वर्षांच्या नोंदी सुमारे ११५५ मध्ये, म्हणजे विजयानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्यांतील ११३७ च्या नोंदीत, राजा स्टीफन हा आपल्या मामासारखाच निघेल असे लोकांना वाटले होते, अशा अर्थाचे वाक्य आहे, आणि तेथे 'एआम'चेच तत्कालीन रूप वापरले आहे. स्टीफन हा पहिल्या हेन्रीच्या बहिणीचा मुलगा; म्हणजे शब्द अजून आपल्या नेमक्या अर्थी जिवंत होता.

तेराव्या शतकाच्या अखेरीस 'अंकल' इंग्रजी लेखनात दिसू लागतो, 'आंट'ही त्याच सुमारास. चॉसरच्या 'ट्रॉइलस अँड क्रिसेड' या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात पँडारस या एकाच व्यक्तीला दोन्ही शब्द लावलेले आहेत. जुना शब्द व नवा शब्द काही काळ एकाच अंगणात नांदत होते. त्यानंतरची अवस्था अधिक बोलकी आहे. मायकेल ड्रेटन याच्या 'पॉलि-ऑल्बियन' या काव्याचा उत्तरार्ध १६२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात हॉट्स्पर व अर्ल ऑफ वूस्टर यांचा उल्लेख करताना कवीने वूस्टरला हॉट्स्परचा 'ईम' म्हटले आहे. 'ईम' हे 'एआम'चेच नंतरचे रूप. परंतु वूस्टर हा हॉट्स्परच्या बापाचा भाऊ होता! मामाचा शब्द चुलत्याला लावला गेला, आणि त्यात काही चुकते आहे असे कवीला वाटले नाही. याचा अर्थ असा की, शब्दाचे शरीर हिंडत होते, पण त्यातील भेदक अर्थ आधीच गेला होता. लोपाचा क्रम बहुधा असाच असतो; प्रथम भेद जातो, मागून शब्द जातो. त्यानंतर 'ईम' स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडच्या बोलींत काही काळ टिकला आणि 'ईम्स' या आडनावात तो आजही आहे. ते आडनाव लावणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही.

सासरच्या नात्यांचे शब्द निराळ्या वाटेने गेले. त्यांची जागा फ्रेंच शब्दांनी घेतली नाही. बाप, आई, भाऊ, बहीण या इंग्रजी शब्दांना 'इन-लॉ', म्हणजे 'कायद्याने', असे शेपूट जोडून ती नाती सांगितली जाऊ लागली. हा कायदा राजाचा नव्हे, तर चर्चचा. पत्नीचे रक्ताचे नातेवाईक हे विवाहनिषेधापुरते पतीचेही नातेवाईक मानावेत, असे चर्चचे धर्मशास्त्र सांगत होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपर्यंत हा निषेध सातव्या पिढीपर्यंत जात होता. त्या परिषदेने तो चौथ्या पिढीपर्यंत आणला. तेव्हा 'सिस्टर-इन-लॉ' या शब्दाचा मूळ रोख नाते जोडण्याकडे नसून विवाह वर्ज्य करण्याकडे होता. नणंद, भावजय व मेहुणी या सर्वजणी त्या एकाच शब्दात सामावल्या, कारण निषेधाच्या दृष्टीने त्या सारख्याच होत्या.

७

या लोपाची कारणे कोणती? सर्वांत सोपे उत्तर नॉर्मन विजय हे आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. इंग्रजीच्या नातेवाचक शब्दांकडे पाहिले असता एक रेघ स्पष्ट दिसते. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, सन, डॉटर हे उंबरठ्याच्या आतील शब्द इंग्रजी राहिले; अंकल, आंट, नेफ्यू, नीस, कझिन हे उंबरठ्याबाहेरचे शब्द फ्रेंच झाले. आजोबांसाठी असलेला जुना शब्द जाऊन 'ग्रँडफादर' हा अर्धा फ्रेंच, अर्धा इंग्रजी शब्द आला. राज्यकर्त्यांची भाषा घराच्या ओसरीपर्यंत आली, माजघरात शिरली नाही, असे म्हणता येईल.

पण विजयामुळे कोणता शब्द आला हे समजते. जागा का गेली हे समजत नाही. कारण जेथे नॉर्मन कधी पोहोचले नाहीत त्या जर्मनीतही मामाचा 'ओहाइम' व मावशीचा 'मूमे' हे शब्द मागे पडून फ्रेंचमधून घेतलेले 'ओंकेल' व 'टांटे' रूढ झाले. आपल्या 'फॅडेरा'चा जर्मन भाऊ 'फेटर' हा चुलत्याऐवजी चुलत-मावस भावंडांचा वाचक झाला. उलट स्वीडिश भाषेने 'बाप-भाऊ', 'आई-भाऊ', 'बाप-बहीण', 'आई-बहीण' अशा अर्थाचे जोडशब्द बनवून चारही जागा आजतागायत राखल्या आहेत. मराठीचे उदाहरणही याच जातीचे आहे. संस्कृत पितृव्य शब्द बोलीतून गेला. क्षुल्लतात, म्हणजे धाकटा बाप, या शब्दापासून आलेला चुलता त्या जागी बसला. परंतु चुलत्याची जागा मामाच्या जागेत विलीन झाली नाही. तेव्हा शब्द बदलणे अपरिहार्य असले तरी जागा जाणे अपरिहार्य नाही.

इंग्लंडात जागा गेली, याची तीन कारणे संभवनीय वाटतात. पहिले ध्वनीचे. अकराव्या-बाराव्या शतकांत शब्दान्तीचे स्वर झिजू लागले. 'फॅडेरा' व बाप या अर्थाचा 'फॅडर' यांत शेवटच्या स्वराचेच काय ते अंतर होते. तो झिजल्यावर चुलता व बाप एकाच उच्चारात सापडण्याची पाळी आली. 'एआम' शब्दाला हा धोका नव्हता, आणि चौघांत दीर्घायुषी तोच ठरला, हे लक्षणीय आहे. दुसरे कारण कायद्याचे. वध हा दोन कुळांमधील देण्याघेण्याचा विषय न राहता राजाविरुद्धचा अपराध ठरला आणि वेर्गिल्डची पद्धत मागे पडली. बापाकडचे किती व आईकडचे किती, हा हिशेब करण्याचे मोठे कारण त्याबरोबर गेले. तिसरे कारण वारशाचे. सरंजामी जमीन थोरल्या मुलाकडे जाऊ लागल्यावर चुलता व मामा हे दोघेही त्या सरळ रेषेच्या बाहेर उभे राहिले.

या कारणांना सिद्धान्त म्हणण्याचे धाडस करू नये. जुन्या इंग्रजी समाजातही नातेसंबंध बापाच्या एकाच कुळातून न मोजता दोन्ही बाजूंनी मोजले जात, हे लॉरेन लँकेस्टर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे. म्हणजे भेद पुसला जाण्याला अनुकूल भूमी आधीपासूनच होती. आणि गरज संपली म्हणून शब्द गेला, हे विधानही पुरते खरे नाही. याचा पुरावा चर्चनेच ठेवला आहे. आर्चबिशप मॅथ्यू पार्कर याने १५६३ साली कोणाकोणाशी विवाह वर्ज्य आहे याचे कोष्टक केले. त्यात आत्या व मावशी, चुलती व मामी यांचा निरनिराळा उल्लेख करणे आवश्यक होते. पण भाषेत शब्द उरले नव्हते. म्हणून 'बापाची बहीण', 'आईची बहीण', 'बापाच्या भावाची बायको', 'आईच्या भावाची बायको' अशी फोड करून लिहावे लागले. गरज एका कोपऱ्यात शिल्लक होती, शब्द मात्र गेला होता.

८

या विषयाचे महत्त्व केवळ भाषाशास्त्रापुरते आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. जुने मृत्युपत्र, वंशावळ किंवा पत्र वाचणाऱ्याने लुप्त अर्थ ध्यानात न घेतल्यास त्याचा इतिहासच चुकतो. 'नेफ्यू' या शब्दाचा सतराव्या शतकापर्यंत नातू असाही अर्थ होत असे. 'कझिन' हा शब्द पुतण्या-भाच्यांनाही लावीत. शेक्सपिअरच्या नाटकात क्लॉडियस आपल्या पुतण्या हॅम्लेटला याच शब्दाने संबोधितो. 'मदर-इन-लॉ' याचा अर्थ सावत्र आई असाही होता, आणि डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६-३७ मधील कादंबरीत सॅम वेलर आपल्या बापाच्या दुसऱ्या बायकोचा उल्लेख याच शब्दाने करतो. आजचा अर्थ घेऊन वाचणाराने सॅमचे लग्न झालेले आहे असे मानले, तर दोष डिकन्सचा नव्हे. शब्द जिवंत दिसतो आणि अर्थ मात्र मेलेला असतो, तेव्हा चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक. कारण अपरिचित शब्द कोश उघडावयास लावतो, परिचित शब्द तो मिटलेलाच ठेवतो.

शब्दांचे हे विलीनीकरण माणसांच्या आयुष्यालाही जाऊन भिडले. पत्नी निवर्तल्यावर तिच्या बहिणीशी विवाह करणे इंग्लंडात निषिद्ध होते. १८३५ च्या कायद्याने असे विवाह मुळातच रद्दबातल ठरविले. आईमागे पोरक्या झालेल्या मुलांना सांभाळण्यास बहुधा त्यांची मावशीच घरात येत असे, आणि तिच्याशी विवाह करता येत नव्हता, कारण ती 'कायद्याने बहीण' होती. या प्रश्नावर पार्लमेंटात अनेक दशके वाद चालला. मृत पत्नीच्या बहिणीशी विवाहाला १९०७ साली मान्यता मिळाली. मृत भावाच्या विधवेशी विवाहाला मात्र १९२१ पर्यंत वाट पाहावी लागली. मेहुणी व भावजय या दोघींना इंग्रजीत एकच शब्द असला, तरी कायद्याला त्या दोन आहेत हे चौदा वर्षे मानावे लागले.

९

या सर्व विवेचनातून निष्कर्ष एवढाच काढावयाचा की, लुप्त शब्दापुढे दोन प्रश्न ठेवले पाहिजेत : त्याच्या जागी काय आले, आणि जागा राहिली की गेली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोश देतो. दुसऱ्याचे उत्तर कायदा, वारसा, धर्मशास्त्र व काव्य यांत शोधावे लागते. जागा गेली म्हणून भावना गेली, असे अनुमान मात्र करू नये. इंग्रज मुलाला मामाचा लळा नसतो असे कोण म्हणेल? भाषेने तो भेद नोंदवावयाचे सोडले, इतकेच शब्दावरून सिद्ध होते.

आपल्या शहरांतून शेजाऱ्यांना व वडिलांच्या मित्रांना 'अंकल' म्हणण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. त्याबद्दल कोणी खेद करतात. इंग्रजीच्या इतिहासावरून पाहता खेदापेक्षा निरीक्षण अधिक उपयुक्त ठरेल. परका शब्द परक्या माणसापुरता राहिला, तर चुलता व मामा यांच्या जागांना धक्का लागत नाही. चॉसरच्या काव्यातल्याप्रमाणे एकाच व्यक्तीला दोन्ही शब्द लागू लागले, आणि पुढे ड्रेटनप्रमाणे चुलत्याला मामा म्हटलेले कोणालाच खटकेनासे झाले, तर भिंत पडली असे समजावे. आज मराठीत ती उभी आहे. स्नुषा व 'स्नोरु' या दोन बहिणींपैकी एक वापरातून जाऊन कित्येक शतके लोटली. दुसरीची लेक सून होऊन आपल्या घरात नांदत आहे. हयात असलेल्या शब्दाची नोंद करणे हे मृत शब्दाचा शोध घेण्याहून सोपे काम आहे, आणि ते वेळेवर करावे.